लोकल कसाऱ्याला थांबते

नाशिकला राहायला जा, असा सल्ला देणारे पहिले गृहस्थ म्हणजे अगस्त्य ऋषी. वनवासातल्या रामाने "राहायला बरी जागा सुचवा" म्हटलं आणि त्यांनी आपल्या आश्रमापासून दोन योजनांवरच्या पंचवटीचं नाव काढलं. पाणी भरपूर, कंदमुळं-फळं मुबलक, हरणं आहेत, शांतता आहे, असं वर्णनही केलं. आज गंगापूर रोडवरच्या गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकात याहून वेगळं काही नसतं. फरक एवढाच, की अगस्त्यांनी दलाली घेतली नाही आणि 'ताबा येत्या दिवाळीत' असं सांगून कुणाला पाच दिवाळ्या थांबवलं नाही. लक्ष्मणाने पर्णकुटी बांधली आणि ताबा लगेच मिळाला. पुढे शेजारपाजाराचा त्रास झाला तो झाला, पण खुद्द जागेबद्दल रामायणात तक्रार सापडत नाही.

त्यानंतर सल्लागार वाढले आणि सल्ल्याची पद्धत बदलली. आता मुंबई सोडू पाहणारं कुटुंब आधी तक्ता करतं. उभ्या रकान्यात नाशिक, पुणे, कोल्हापूर, संभाजीनगर. आडव्या रकान्यात हवा, पाणी, शाळा, हॉस्पिटल, मॉल आणि स्क्वेअर फुटाचा भाव. प्रत्येकाला दहापैकी गुण. दोन रविवार खर्ची घातल्यावर कळतं की सगळ्यांना सारखेच गुण पडले आहेत, कारण मॉल आता सगळीकडे आहे, हॉस्पिटल सगळीकडे आहे आणि 'इंटरनॅशनल' शाळा तर जिथे एसटी जात नाही तिथेही आहे. मग निकाल मेव्हणी कुठे राहते यावर लागतो. ही निवड वाईट असते असं नाही. मेव्हणी हा भक्कम निकष आहे. पण तक्ता फुकट गेलेला असतो, कारण त्यात प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. ज्या गावी जायचं त्या गावात काय आहे, हे पाहून फारसं काही कळत नाही. जे गाव सोडायचं ते आपल्या मागोमाग कुठवर येऊ शकतं, हे पाहायला हवं. आणि मुंबईच्या बाबतीत याचं उत्तर रेल्वेने कधीच देऊन ठेवलं आहे. मुंबई कसाऱ्यापर्यंत येते.

लोकल सीएसएमटीहून निघते ती ठाणं, कल्याण, टिटवाळा, आसनगाव असं एकेक गाव मागे टाकत सुमारे १२० किलोमीटर येते आणि कसाऱ्याला गपकन थांबते. पुढे घाट आहे. इथली चढण एकास सदतीस, म्हणजे सदतीस मीटर पुढे सरकावं तेव्हा गाडी एक मीटर वर चढते. कागदावर हे काहीच वाटत नाही, पण देशातल्या रेल्वेच्या अतिशय अवघड चढणींत ही मोजतात. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांनाही इथे स्वतःच्या बळावर वर जाता येत नाही. कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, त्यांना 'बँकर' म्हणतात, आणि लग्नघरात आजीला जिना चढवताना दोघंतिघं मागून हात लावतात तशी ती गाडीला इगतपुरीपर्यंत ढकलत नेतात. हा मार्ग १८६५ साली सुरू झाला. त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली, वाफेची इंजिनं जाऊन विजेची आली, तरी मागून ढकलणं सुटलेलं नाही. जे शहर इतकं ढकलल्याशिवाय वर येत नाही, त्याच्यापासून माणूस सुरक्षित आहे असं समजायला हरकत नाही. नाशिकची हवा, द्राक्षं, देवळं हे सगळं त्यानंतर.

घाट नसला की काय होतं, याचे पुरावे कल्याणच्या अलीकडे-पलीकडे विखुरलेले आहेत. बदलापूर, कर्जत, पनवेल, विरार ही एके काळी हवापालटाची गावं. डॉक्टर खोकल्याच्या पेशंटला तिकडे पाठवत. विहीर, आंब्याची झाडं, ओटीवर झोपाळा. माणसं शांततेसाठी तिथे राहायला गेली आणि ती शांत आहेत ही बातमी सपाट जमिनीवरून लोकलच्या वेगाने पसरली. आज विरारची ओळख काय, तर विरार लोकल. एका टुमदार गावाचं नाव गर्दीच्या एककाला मिळालं. यात विरारचा दोष नाही. त्याच्या आणि चर्चगेटच्या मध्ये डोंगर नव्हता, एवढीच त्याची चूक. अशा ठिकाणी घर घेणारा माणूस मुंबई सोडत नाही. मुंबई यायच्या आधी तिथे जाऊन बसतो आणि तिच्यासाठी रुमाल टाकून ठेवतो.

हा विचार फार नवा आहे असा आव आणण्याचं कारण नाही, कारण नद्यांनी तो आधीच केलेला आहे. त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगांत गोदावरी उगम पावते आणि वैतरणाही. दोघी एकाच घरच्या म्हणायला हरकत नाही. गोदावरीला तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. दुसरी कुणी असती तर उतरली असती आणि संध्याकाळच्या आत कामगिरी उरकली असती. हिने मुंबईच्या दिशेकडे पाठ फिरवली, नाशिकमध्ये रामकुंडावर टेकली आणि मग १४६५ किलोमीटरचा वळसा घालून बंगालचा उपसागर गाठला. वाटेत तिच्या काठावर तीर्थं झाली, पैठण झालं, नांदेड झालं, माणसं हात जोडू लागली. वैतरणेने व्यावहारिक निर्णय घेतला, जवळचा समुद्र धरला, पश्चिमेला उतरली. परिणाम असा, की तिच्यावर एकामागून एक तीन धरणं झाली आणि मुंबईने तिला नळात घातलं. आज ती मुलुंड-भांडुपच्या टाक्यांत सकाळी दोन तास येते आणि ती आली की बायका बादल्या लावतात. पाण्यालासुद्धा मुंबईत नोकरी केली की ठरावीक वेळेला हजर व्हावं लागतं.

माणसांचा इतिहासही हेच सांगतो. पेशव्यांच्या घरात माधवरावांशी मतभेद झाल्यावर त्यांच्या आई गोपिकाबाई पुणं सोडून नाशिकजवळ गंगापूरला येऊन राहिल्या. रघुनाथराव हे त्याच घरातलं दुसरं दुखरं प्रकरण. तेही पुण्याशी बिनसलं की नाशिकला येत, आणि त्यांच्या वाड्याच्या गावाला पत्नी आनंदीबाईंवरून आनंदवल्ली हे नाव पडलं. आता गंमत पाहा. गंगापूर आणि आनंदवल्ली ही दोन्ही एकाच नदीच्या एकाच बाजूला, आजच्या एकाच गंगापूर रोडवर, काही किलोमीटरच्या अंतराने आहेत. घरात ज्यांचं एकमेकांशी पटलं नाही त्या दोघांनी रुसून जायला निवडलेलं गाव मात्र एकच निघालं. हा योगायोग नव्हे. रुसून बसायला गाव कसं लागतं, याची पेशव्यांना पक्की समज होती. राजधानीपासून ते इतकं दूर हवं की कुणी उठसूट समजूत काढायला येऊ नये, आणि इतकं जवळ हवं की समजूत काढायला कोण आलं नाही हे चार दिवसांत कळावं. मुंबईतून निवृत्त होऊन इंदिरानगरात बंगला घेणाऱ्या आणि रोज सकाळी मुंबईच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांत आधी 'सुप्रभात' टाकणाऱ्या गृहस्थांना नेमकं असंच अंतर लागतं.

यावर कुणी म्हणेल, पेशव्यांना पोटापाण्याची चिंता नव्हती. मग दादासाहेब फाळक्यांचं घ्या. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०चा. 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत केला, तो १९१३च्या मे महिन्यात लागला, चालला. असा पहिलाच चित्रपट चालल्यावर माणूस काय करतो? मुंबईत मोठी जागा घेतो. फाळक्यांनी त्याच वर्षी दादरचं बिऱ्हाड गुंडाळलं आणि स्टुडिओसकट नाशिक गाठलं. त्यांच्या धंद्याला डोंगर, नदी, घाट, देवळं, जुने वाडे लागत, आणि हे सगळं नाशिकात भाडं न देता मिळत होतं. लंका जाळायची तर दादरमध्ये शेजारी तक्रार करतात. 'लंकादहन' १९१७ साली नाशिकच्या मुक्कामात झाला. कंपनीतली माणसं एकत्र कुटुंबासारखी राहत आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई साऱ्यांचं खाणंपिणं बघत. चित्रपट नाशकात तयार व्हायचा, पैसे मुंबईत जमायचे. हल्ली ज्याला 'वर्क फ्रॉम होम' म्हणतात ते याहून वेगळं नाही. उलट फाळक्यांचं नेट कधी गेलं नाही. मधे कंपनीत खटके उडाले तेव्हा ते काशीलाही जाऊन राहिले, नाटक लिहिलं, आणि परत नाशिकलाच आले. म्हणजे हा माणूस पर्याय पाहून आलेला होता. पुढे वसंत कानेटकर प्राध्यापक म्हणून नाशिकला आले आणि राहिले. 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२चं. त्यांची नाटकं लिहिली जायची नाशिकमध्ये आणि हाउसफुल्लचा बोर्ड लागायचा दादर-गिरगावात. नाटककाराला हे उत्तम. नाटक पडलं तर त्याच संध्याकाळी चौकात कुणी भेटत नाही.

"मग पुणं का नको?" हा सर्वांत ठसठशीत आक्षेप आणि तो पुणेकर घेतात म्हणून त्याला उत्तर देणं भाग आहे. मध्ये घाट तर बोरघाटही आहे. खरं आहे, होता. मुंबई-पुण्यामधल्या घाटाची कथा म्हणजे नाशिककरांनी रोज संध्याकाळी देवापुढे बसून वाचावी अशी आहे. १८६३ला घाटातून रेल्वे आली, तोवर ठीक होतं. १९३०ला डेक्कन क्वीन आली आणि शनिवार-रविवारची ये-जा सुरू झाली. तरीही पुणं पेन्शनरांचं आणि सायकलींचंच राहिलं. मग २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, घाट अडीच-तीन तासांच्या प्रवासातला एक बोगदा होऊन बसला, आणि पुढच्या वीस वर्षांत पुण्याचं काय झालं हे सांगायला हिंजवडीच्या पुलावर अडकलेला कोणीही मोकळाच असतो. पुणं वाढलं ते आयटीमुळे, मोटारींच्या कारखान्यांमुळे, रस्त्यामुळे नव्हे, असं कुणी म्हणेल. मान्य. पण ती आयटीवाली माणसं आणि त्यांच्या वॉशिंग मशिन आल्या कशावरून? पुण्याचा अपमान करायचा हेतू नाही. पुण्याला तो करून घ्यायची सवयही नाही. मुद्दा एवढाच की घाट पडला की गाव पडतं, आणि त्याचा पुरावा फार लांब नाही.

नोकरीचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो विनोदाने टाळता येत नाही. नाशिकला ओझरचा विमानाचा कारखाना आहे, नोटांचा आणि सरकारी कागदपत्रांचा छापखाना आहे, सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत आहे, भोवताली द्राक्षं आणि कांदा आहे, १९९९ नंतर वाइनही आहे. पण लॅपटॉप उघडून बसणाऱ्या मंडळींना हव्या तितक्या कंपन्या इथे नाहीत, ही नाशिकची जुनी खंत आहे. इथली हुशार पोरं बारावीनंतर पुण्याला जातात ती लग्नाच्या मुहूर्तालाच परत येतात. तेव्हा नाशिकला नोकरी शोधायला येऊ नये. नोकरी बरोबर आणावी किंवा मागे सोडून यावं. तिसरा मार्ग पंचवटी एक्सप्रेसचा. १९७५ पासून ही गाडी सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडते, पावणेअकराच्या आसपास मुंबईत पोचवते आणि संध्याकाळी सव्वासहाला परत निघते. रोज तिने ये-जा करणारे पासधारक आहेत. आमच्या सिद्धान्ताला हे पासधारक सुरुंग लावतात असं वाटेल, कारण त्यांनी घाट रोज दोनदा जिंकलेला आहे. पण त्यांनी गाडीत काय केलं ते पाहा. एक डबा स्वतःचे नियम करून 'आदर्श कोच' बनवला. आरडाओरडा नाही, पत्त्यांचे डाव नाहीत, कचरा नाही. रोज सात-साडेसात तास प्रवासात घालवणारा माणूस मुंबईत राहत नाही आणि नाशिकलाही राहत नाही. तो डब्यात राहतो, आणि राहत्या घरी माणूस शिस्त ठेवतोच. या मंडळींना खरं म्हणजे रेल्वेने घरपट्टी लावायला हवी.

घर पाहायला लोक येतात ते रविवारी, आणि तिथेच फसतात. सकाळी अकराला मखमलाबादच्या किंवा गंगापूरच्या रस्त्यावर मिसळीसाठी गाडी थांबते. नाशिकची मिसळ कशी येते ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: स्टीलच्या ताटात मोड आलेल्या मटकीची वाटी, वर शेव-कांदा-कोथिंबीर, शेजारी काळ्या किंवा लाल रश्शाचं वेगळं भांडं, पाव, दही, एक तळलेला पापड आणि लिंबाची फोड. रस्सा संपला की पुन्हा येतो, मागावा लागत नाही. समोर हिरवळ, मुलांना झोपाळा, दूर डोंगर, अंगावर ऊन. अशा अवस्थेत माणूस कशावरही सही करतो. तिसऱ्या पापडाला मुंबईचा गृहस्थ बायकोकडे पाहतो, ती मान हलवते, आणि दुपारी तीनला टोकन दिलेलं असतं. हा पुरावा ग्राह्य धरू नये. मिसळ उत्तम आहे, पण ती तुम्ही आठवड्यातून एकदाच खाणार आणि द्वारका चौक रोज ओलांडणार. त्यामुळे घर पाहायला सोमवारी संध्याकाळी सहा वाजता यावं आणि द्वारकेच्या सिग्नलला उभं राहावं. तिथल्या कोंडीने जीव घाबरला नाही, उलट 'एवढीच?' असं मनात आलं, तर तुम्ही अस्सल मुंबईकर आहात आणि इथे सुखी व्हाल.

शहराच्या कुठल्या भागात राहायचं, याचं उत्तरही त्याच घाटाच्या हिशेबाने मिळतं. ज्याचा जीव अजून मुंबईत अडकला आहे तो नाशिकरोडला, स्टेशनजवळ घर घेतो. ज्याला मुंबईची भीती वाटते पण गाडीच्या चाव्या खिशात हव्या असतात तो पाथर्डी फाट्याला, हमरस्त्याच्या कडेला. ज्याने आशा सोडली तो इंदिरानगरात रो-हाउस घेऊन कढीपत्ता लावतो. पैसे असलेला गंगापूर रोडला जातो आणि 'नदीचा व्ह्यू' दाखवतो, तो पावसाळ्यात जरा जास्तच मिळतो. जुन्या नाशकातल्या वाड्यात राहण्याची कल्पना फार रम्य आहे; ती गाडी नसलेल्यांनी करावी. आणि मुंबई सोडल्याची लाज वाटत असेल, तर नाशिकमध्ये भर शहरात 'मुंबई नाका' नावाचा चौक आहे. नातेवाइकांना "मुंबई नाक्याला राहतो" असं छातीठोक सांगता येतं आणि ते खोटंही नसतं. ज्यांना शहरही नको आणि खेडंही नको, उपनगर हवं, त्यांचीही सोय आहे. नाशिकरोडच्या वाटेवर एका वसाहतीचं नावच 'उपनगर' आहे. नाव ठेवायला इतका कमी वेळ घेणारं गाव राहायला सुखाचं असणार.

दोन महिन्यांत कंटाळा येतो, असंही म्हणतात. येतो. पण त्याचं कारण गावात करमणूक नाही हे नसतं. कारण असं की आलेला माणूस मुंबईचं पंचांग घेऊन येतो. मुंबई धुळवडीला रंग खेळते, नाशिक रंगपंचमीला. धुळवडीच्या दिवशी हा पिचकारी घेऊन गच्चीवर उभा आणि खाली नाशिककर वीरांची मिरवणूक बघतात. चार-पाच दिवसांनी हा लॅपटॉप उघडून मीटिंगला बसतो तेव्हा जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या राहाडी उघडलेल्या असतात. राहाड म्हणजे जमिनीतला दगडी हौद. वर्षभर तो फळ्या आणि मातीखाली झाकलेला असतो, वरून रस्ता चालू असतो. रंगपंचमीला उघडून पूजा होते, रंगीत पाणी भरतं आणि माणसं त्यात धप्पकन उड्या घेतात, त्याला 'धप्पा' म्हणतात. ज्या रस्त्यावरून वर्षभर स्कूटर नेली त्याच्या पोटात हौद होता हे कळायला एक रंगपंचमी रजा काढावी लागते. भाषेचंही तसंच. नवखा माणूस 'गोदावरी' म्हणतो. जुना नाशिककर 'गंगेवर' जातो. पुराची बातमी वाचताना नवखा माणूस गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले ते बघतो. नाशिककर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. क्युसेकने पोटात गोळा येत नाही, छातीने येतो. आणि थंडीत वर्तमानपत्र उघडल्यावर आपल्या गावाचं तापमान सोडून आधी निफाडचा पारा किती उतरला ते पाहिलं, आणि तो घसरल्याचा आपल्याला काडीचा संबंध नसताना अभिमान वाटला, की समजावं, कंटाळा संपला. वाचनालय तर १८४०चं आहे, आणि मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला असते. नवऱ्याचं बोलणं ऐकवत नाही म्हणून घराबाहेर पडलेल्या बाईला तिथे निदान विषय तरी बदलून मिळतो.

एक आक्षेप बारा वर्षांनी येतो. सिंहस्थ. २०१५ला झाला, पुढची अमृतस्नानं २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. आता घर घेणाऱ्याने करारनाम्याबरोबर जादा गाद्यांचाही हिशेब करावा. मुंबईत तुमच्या मजल्यावर कोण राहतं हे माहीत नसलेली माणसं सिंहस्थात तुमच्या आजोळचं गोत्र सांगत दारात उभी राहतात. पण सिंहस्थाचा फायदाही आहे. नाशिकचे रस्ते, पूल, घाट बारा वर्षांच्या हिशेबाने होतात. आधीची दोन वर्षं सगळं खोदलेलं, नंतरची चार गुळगुळीत, उरलेली सहा पुढच्या सिंहस्थाची वाट बघण्यात. या वेळी साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा २०२५च्या अखेरीस नाशिककर झाडांसाठी रस्त्यावर उतरले. झाड तोडायला कुणी निघालं की ज्या गावात भांडण होतं, तिथे झाडं अजून मोजण्याइतकी आहेत असा अर्थ निघतो.

आता सर्वांत घातक आक्षेप. घाटाचा काळ संपला, असं तुम्ही म्हणाल, आणि तारीखही सांगाल: ५ जून २०२५. त्या दिवशी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि इगतपुरीजवळ पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून गाडी नेता येऊ लागली. वर चढायला नको, ढकलायला नको. आमच्या सगळ्या युक्तिवादाला पडलेलं हे भोक आहे, तेही पावणेआठ किलोमीटर लांब. नाकारण्यात अर्थ नाही. पण बोगद्यातून सुसाट निघालेला माणूस आमण्याला उतरतो तेव्हा पुढे काय असतं? भिवंडी. खड्डे, कंटेनर, रुंदीकरण. सह्याद्री फोडता आला, भिवंडी आली नाही. निसर्गाने दिलेला घाट गेला तिथे माणसाने दुसरा तयार ठेवला होता, तोही सपाट जमिनीवर. पुण्याच्या बाजूनेही काळजीचं कारण तूर्त नाही. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची कित्येक वर्षं बोलणी चालू आहेत. तिच्या मार्गात नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आली. तीस तबकड्या आकाशातल्या अतिदूरच्या रेडिओलहरी ऐकत बसल्या आहेत आणि शेजारून विजेची गाडी गेली तर ऐकण्यात व्यत्यय येतो, म्हणून मार्ग बदलायची वेळ आली. ग्रह आडवे येतात असं आपण नुसतं म्हणतो. इथे अक्षरशः आकाशगंगा आडव्या आल्या. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकला टायरवर धावणारी मेट्रोही जाहीर झाली होती. ती आलेली नाही. नाशिककर याला उपेक्षा म्हणतात. मी संरक्षण म्हणतो.

अर्थात हे किती दिवस, हे कुणी सांगू शकत नाही. रस्ते रुंद होतील, भिवंडीही एखाद दिवशी सुटेल. त्यातल्या त्यात भीती एकाच गोष्टीची आहे. कल्याण-नाशिक लोकल सुरू करा, ही मागणी दर निवडणुकीला नव्याने निघते, आणि तेवढा घाट चढू शकेल अशा खास गाडीची चर्चाही झालेली आहे. ती गाडी ज्या दिवशी नाशिकरोडला फलाटावर लागेल, त्या दिवशी या लेखातला नाशिकबद्दलचा प्रत्येक शब्द मागे घ्यावा लागेल. तेव्हा यायचं ठरवलं असेल तर आधी या. आणि आल्यावर एवढंच करा: लोकलच्या मागणीसाठी सह्यांचा कागद घेऊन कुणी दारात आलं, तर आत बोलवा, चहा द्या, थोडा चिवडा पुढे करा. पेन सापडत नाही म्हणून सांगा.